अर्धा चमचा

बत्हा, रियाध
दि. ४ फेब्रुवारी २०२५

चि. हफीजा हीस ताजुद्दीनचा सलाम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

माझी प्रकृती उत्तम आहे. केवळ जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबून शेजाऱ्यांच्या दारांवरील पाट्या वाचाव्या लागतात. हृदयातील पडदा जाड होऊन रक्ताची वाट अडवितो, असे डॉक्टरांचे मत आहे. गोळ्यांनी भागले नाही. छाती न उघडता, बारीक नळी आत नेऊन ती वाट मोकळी करता येते. आमचे चिरंजीव अरीब व नात नबीला त्यासाठी हट्ट धरून बसली आहेत. मी तत्त्वाकरिता नकार दिला आहे. तत्त्व कोणते, हे तुला कळविण्याचे कारण नाही.

लोभ असावा, प्रश्न नसावेत.

तुझा थोरला भाऊ,
ताजुद्दीन

दाभोळ
दि. ११ फेब्रुवारी २०२५

ती. दादांस हफीजाचा सलाम. वि. वि.

फोनवर धाप ऐकू येईल म्हणून पत्र लिहिता, हे मला कळत नाही की काय? तुमचे तत्त्व नबीलाने सांगितले. त्या नळीतून अर्धा चमचा अल्कोहोल सोडतात, त्याने जाड झालेला भाग मरून आक्रसतो. हे पिणे नव्हे, उपचार आहे, असे इमामसाहेबही म्हणाले. तरी तुम्ही अडूनच! माझ्या गुडघ्याच्या होमिओपॅथीच्या बाटलीला दारूचा वास येतो म्हणून वीस वर्षांपूर्वी ती तुम्ही परसातल्या माडाच्या बुंध्याशी ओतलीत. आता हफीजा हसेल, हीच भीती ना?

हसणार तर आहेच, दादा. पण हसायला समोर तुम्ही हवेत. त्या माडाला तेव्हापासून दुप्पट नारळ लागतात; त्याच्याकडे पाहून तरी धीर धरा. हा आजार रक्ताच्या नात्यात उतरतो, म्हणून मलाही तपासणी सांगितली आहे. तुमचे होईपर्यंत मी त्यासाठी चिपळूणला पाऊल टाकणार नाही. ठरवा.

रागवावे, पण लोभ आटवू नये.

तुमची हफीजा

बत्हा, रियाध
दि. २० मे २०२५

चि. हफीजा हीस सलाम व आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या धमकीस भीक न घालता, केवळ अरीबच्या आग्रहास्तव मी मार्चमध्ये संमती दिली. मी पूर्ण जागा होतो. औषध आत जाताना छातीत निखारा ठेवल्यासारखे झाले. लोक यासाठी वेडे कसे होतात, असे मी डॉक्टरांना विचारले. ते इतके हसले की मला नळीची काळजी वाटली. चार दिवसांनी घरी आलो. परवाच्या तपासणीत अडथळा पुष्कळ उतरलेला दिसला. काल तिन्ही मजले सलग चढलो. दुसऱ्या मजल्यावर नवी पाटी लागली आहे म्हणतात. वाचण्यास सवड झाली नाही.

आता तू चिपळूणला जावेस. माझा भाचा हारून तुला नेईल. परतताना तुझ्या गुडघ्याची ती बाटलीही घेण्यास त्यास बजावले आहे. ती तू घ्यावीस. माडास पुष्कळ झाली.

लोभाची वाट मोकळी असावी.

तुझा थोरला भाऊ,
ताजुद्दीन