आडव्या रेषेवर मी

४ ऑगस्ट, सोमवार
मुख्याध्यापिका बाई शुक्रवारी माझा तास बघायला बसणार. पटला तर सातवीचं गणित माझ्याकडेच राहणार, नाहीतर 'बघू' म्हणाल्या. बघा की! कुणाच्या बापाला भितो? विषय शेकडेवारी आणि स्कॅटर प्लॉट, म्हणजे ठिपक्यांचा आलेख. पुस्तकातली सफरचंदं बंद. खराखुरा डेटा!

५ ऑगस्ट
डेटा पोरांनीच सुचवावा म्हटलं. पहिल्या बाकावरची चष्मेवाली म्हणाली, आडव्या रेषेवर सर तासाला किती मिनिटं बोलतात ते, उभ्या रेषेवर त्या दिवशीच्या चाचणीत वर्गाला किती टक्के पडले ते. महिन्याचे आकडे तिच्याकडे तयारच. झकास! मी जास्त बोलतो, पोरांना जास्त कळतं. ठिपके वर चढणारच.
बायको म्हणाली, आधी घरी एकदा काढून बघा. ही बँकेत असते. हिला आकड्यांतलं काय कळतंय!

७ ऑगस्ट
तालीम करणार नाही म्हणजे नाही. खऱ्या डेटाची तालीम ही लबाडी. शिवाय घसा जपायचाय.

८ ऑगस्ट, शुक्रवार
फळ्यावर घसरगुंडी. मिनिटं वाढली की टक्के खाली. मी डगमगलो नाही. अवघड धड्याला जास्त बोलावंच लागतं, त्यात माझा काय दोष, हे नीट समजावलं. त्यात अर्धा तास गेला. मागून कुणीतरी म्हणालं, आजचा ठिपका फळ्याबाहेर जाणार.
एक ठिपका मात्र पार वर. शून्य मिनिटं, ब्याऐंशी टक्के. त्या दिवशी मी रजेवर होतो. चित्रकलेच्या सरांनी गणितं फळ्यावर लिहिली आणि गप्प बसले. असले अपवाद मी मानत नाही. पुसला. चष्मेवाली म्हणाली, नको असलेला डेटा पुसायचा नसतो, तुम्हीच सांगितलंत. सांगितलं असेन. इतकं बोलतो, लक्षात कुठलं राहणार?
एकूण तास गाजला. बाईंना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

११ ऑगस्ट
सातवीचं गणित चित्रकलेच्या सरांना, चित्रकला मला. माझे बाकीचे गुणही बाईंना दिसले, एवढाच अर्थ. तात्पुरतं असणार.

१३ ऑगस्ट
सहज सातवीवरून गेलो. चित्रकलेचे सर मागच्या बाकावर, फळ्यापाशी चष्मेवाली. शेकडेवारी समजावत होती. सगळा वर्ग ऐकत होता. माझं असं कधी ऐकलं नाही. फार लागलं. कुठेतरी चुकेलच, मग आत शिरायचं, म्हणून दारात उभा राहिलो.
घंटा होईपर्यंत उभा होतो. चुकली नाही.