बापूंचं पथ्य

ती. आईस,

तुझ्या अन् बापूंच्या पायांना इथूनच हात लावते. मी बरी आहे, जेवण बराबर होतंय.

फोनवर बोलवंना, म्हणून लिहून राह्यले अन् चिठ्ठीचा फोटो मोबाइलवर धाडते. शेजारचा गोरक्षनाथ वाचून दाखवील, पण बापूंसमोर नको.

तू इचारलंस, "मीठ बंद केलं, डाळ बंद केली, किडनीसाठी अजून काय बंद करू?" बापूंचे रिपोर्ट मी कॉलेजातल्या मॅडमला दाखवले. त्या म्हणल्या, "आता पथ्य नको. आवडतं ते खाऊ दे."

आहारशास्त्र शिकायला इंग्लंडला आले अन् माझ्याच बापाला काही लिहून देता येईना.

चांगलं मीठ घालून पिठलं कर. मागतील ते दे. तू जेवतीस का?

बुधवारचं तिकीट मिळालं. मी जाफराबादहून जीपनं घरी पोचेपर्यंत बापूंना बोलतं ठेव.

तुझी
मोनिका