हाताने लावलेला ट्रिगर

सर, तुम्ही गेल्यावर तुमची खुर्ची माझ्याकडे आली. तिचा एक पाय आखूड आहे हे तुम्ही कधी बोलला नाहीत. बाकीही बरंच बोलला नाहीत.

खालापूरच्या त्या लहान दवाखान्याचं ॲप आठवतं? पेशंटला न सोसणारं औषध कुणी लिहिलं की पडद्यावर लाल पट्टी यायची आणि नोंद अडायची. हा नियम ॲपमध्ये नव्हताच, थेट डेटाबेसमध्ये बसवलेला ट्रिगर होता; नोंद पडली की तो आपसूक चालायचा. गेल्या महिन्यात मी सगळं नव्या सर्व्हरवर नेलं. तुमच्याच शिस्तीने, डेटाबेस पायापासून उभा करणाऱ्या मायग्रेशनच्या फायली पहिलीपासून ओळीने चालवून. डेटाबेसमधला प्रत्येक बदल त्या फायलींत असलाच पाहिजे, हे तुम्हीच माझ्याकडून घोकून घेतलेलं. कर्जतच्या ऑफिसात मी एकदा चालू डेटाबेसमध्ये परस्पर हात घातला, तर चहाचं आधण तसंच उकळत सोडून तुम्ही ओरडताय, "अरे, उद्या तू मेलास तर हे कुणाला कळणार?" मी मेलो नाही. क्रम चुकला.

डेटाची टेबलं आली, पेशंट आले, ट्रिगर आला नाही; तो कुठल्याच फायलीत नव्हता. लोधिवलीच्या एका आजींना त्यांना न सोसणारं इंजेक्शन दिलं गेलं. गळा सुजला, श्वास कोंडला. वाचल्या, एवढंच. दवाखान्याच्या सिस्टरनी मला दारातच धरलं. "लाल पट्टी कुठं गेली? तिच्या भरवशावर होतो आमी." मी पुटपुटलो, सर गेले ना. "सर गेल्यावर पण येत होती. तुमी मशीन बदललं, तवा गेली." वर म्हणाल्या, "मी फोन केला नि सरांनी तितल्या तितं बसवून दिलती. म्हनाले, कागदोपत्री सोमवारी करतो."

कुठला सोमवार, सर?

ट्रिगर आता मायग्रेशनमध्ये घातलाय. तुमचाच, जसाच्या तसा. स्वल्पविरामही हलवला नाही. असे आणखी किती पेरून ठेवलेत या धास्तीने जुना सर्व्हर पिंजून काढला, एकेक नियम फायलींशी ताडून पाहिला. डॉक्टर रोज विचारतात, "झालं का? बंद करा की तो एकदाचा." मी म्हणतो, अजून बघतोय.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगतो. बघून कधीच झालंय. आणखी काही नाही. तुमच्या हातचा एखादा तरी निघेल असं वाटलं होतं.