कोपऱ्यावरच्या दुकानाची भवानी

२२ सप्टेंबर, सोमवार

आलो एकदाचा सोलापूरला. सात रस्ता चौकापासून हाकेच्या अंतरावर 'हिंदुराव स्क्वेअर' उभा आहे. वर फ्लॅट, खाली दुकानं. बिल्डर आबासाहेबांनी वडिलांचं नाव दिलंय. बिचारे हिंदुराव आयुष्यभर उसाला पाणी देत राहिले आणि शेवटी स्क्वेअर झाले. फ्लॅट सगळे विकले गेले, दुकान मात्र एकही गेलं नाही. इमारत बांधल्यापासून सगळी शटरं खाली आहेत. वरचे लोक म्हणतात, खालून जाताना भुताच्या बंगल्यातनं गेल्यासारखं वाटतं. दुकानं भरायला म्हणून मला पुण्याहून आणलं आहे.

मला पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट दिलाय. हवा छान आहे, समोर भज्जीची गाडी लागते, शेंगाचटणी तर जिभेला चटका लावणारी. मजेत आहे मी. दिवाळीपर्यंत दुकानं भरली की आबासाहेब पुण्याचं ऑफिस माझ्या हाती देणार. ऋतुजा धनत्रयोदशीला येतेय. लग्नानंतरची पहिली दिवाळी. तिला घेऊन इथून कायमचं पुण्याला परतायचं, एवढाच माझा कार्यक्रम आहे.

२५ सप्टेंबर, गुरुवार

या गावाला दुकान नको असतं, सावली हवी असते. दिवसभर माणसं येतात, काचेला नाक लावतात, फुकटचा चहा पितात आणि 'भाडं लई हाय की' म्हणून निघून जातात. एकाला सिमेंटची पोती ठेवायला जागा हवी होती. दुसऱ्यानं विचारलं, फरशी काढून दिली तर भाडं कमी होईल का. मी हसून नमस्कार केला. मनात काय म्हणालो ते इथेही लिहीत नाही.

दुकानदार ही जातच मला लहानपणापासून ठाऊक आहे. वडिलांचं करकंबला कापडाचं दुकान होतं. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक आलं की त्याला हात हलवत जाऊ द्यायचं नाही, भवानी व्हायलाच हवी. तोट्यात देतील, पण काहीतरी देतील. आणि ती होईपर्यंत गादीवरून उठणार नाहीत. मी डबा घेऊन गेलो तर डबा तसाच पडून आणि वडील आल्यागेल्याला विचारतायत, 'या ना, काय दाखवू?' किती लाचार हसायचे! तेव्हाच ठरवलं होतं, दुनियेतलं काहीही करीन, पण गादीवर बसणार नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार

युक्ती सुचली. रिकाम्या इमारतीत कुणी पहिला यायला तयार नाही, तर पहिला आपणच उभा करायचा. दसऱ्याला कोपऱ्यावरच्या दुकानाचं थाटात उद्घाटन. भाड्याचं काउंटर, गादी, लक्ष्मीचा फोटो आणि मागे रिकाम्या खोक्यांची रास. माल कशाला हवा? फोटोत खोकी भरलेलीच दिसतात.

मालक म्हणून आमचा वॉचमन बिरदेव बसेल. सांगोल्याकडचा मेंढपाळ, सहा फूट उंच, भरघोस मिशा. माझं जाकीट त्याला घातलं तर थेट शेठजी दिसला. साहेब, मला न्हाय जमायचं, म्हणत होता. बसायचंच तर आहे, म्हटलं. मेंढ्यांमागे बसतोसच की.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

उद्घाटन झकास झालं. नारळ, हार, पेढे, सनई स्पीकरवर. भटजींनी मात्र नको तेवढी साग्रसंगीत पूजा केली. बिरदेवला मालक, मालक म्हणत त्याच्याकडून संकल्प सोडून घेतला. निघताना म्हणाले, आता एखादी भवानी करून घ्या, उघडलेलं दुकान भवानीवाचून ठेवू नये. मी म्हटलं, भटजी, विकायला आहे काय? खोकी? सगळे हसले. बिरदेव हसला नाही. गादीवर हात फिरवत होता.

फोटो सगळ्या ग्रुपवर टाकले. आबासाहेब खूश. तीन चौकश्या आल्यासुद्धा! या गावाला फसवायला अक्कल लागत नाही, एक सनई पुरते.

४ ऑक्टोबर, शनिवार

बिरदेव अजून गादीवरच. परवा संध्याकाळी शटर बंद करायला सांगितलं होतं, सकाळी पाहतो तर उघडं. उंबऱ्यापर्यंत उदबत्तीचा वास, आत फोटोला ताजी फुलं. फुलं कुणी आणली, विचारलं तर त्याला माहीत नाही. वर मलाच सांगतो, 'भवानी झाल्याबिगर उटू कसा, साहेब?' एक दिवस शेठ केला तर डोक्यात गेलं. मी गेटवर दुसरा माणूस ठेवणार आहे.

७ ऑक्टोबर, मंगळवार

तुळजापूरला चालत जाणाऱ्यांची आज रस्त्यावर रीघ. एकाचंही पाऊल आमच्या पायरीकडे वळलं नाही.

बिरदेवची बायको केराबाई भाकरी घेऊन आली होती. मला म्हणाली, 'पाच दिस झालं, मानूस घरला न्हाय, खाल्लं बी न्हाय.' मी तिच्याबरोबर दुकानापर्यंत गेलो. तिला पाहून बिरदेव तोंड भरून हसला आणि म्हणाला, या ना, काय दाखवू? स्वतःच्या बायकोला! ती हसली नाही. आत जायला निघाली, तसं त्यानं एका हातानं स्वतःचं तोंड दाबून धरलं आणि दुसऱ्या हातानं तिला मागे जा, मागे जा म्हणून खुणावत राहिला. डोळ्यांतून पाणी. ती भाकरी उंबऱ्यावर ठेवून रडत गेली.

पक्का नाटकी आहे. उद्यापरवा बखोट धरून काढतो बाहेर.

९ ऑक्टोबर, गुरुवार

शांतपणे लिहायला हवं.

सकाळी त्याला हाकलायला आत गेलो. दसऱ्यानंतर आत पाऊल ठेवणारा मी पहिलाच, हे तेव्हा लक्षात आलं नाही. तो हसला, काय दाखवू, म्हणाला. मी शिव्या घातल्या. काय दाखवू. दंडाला धरून ओढलं तर हलेना, जमिनीत रोवल्यासारखा. मी निघून जायला वळलो, तर पाय उंबऱ्याशी अडले. रिकाम्या हाती निघेचनात.

माझं डोकं सटकलं. दहाची नोट काढून त्याच्या तोंडावर फेकली. म्हटलं, घे तुझी भवानी! काय विकतोस? खोकी? दे मग, हे दुकानच दे मला!

त्याची मान जोरजोरात नाही म्हणत होती. हात मात्र पुढे आला. नोट उचलली, डोळ्यांना लावली, कपाळाला लावली. मग मोठ्ठा श्वास घेतला आणि उठला. जाकीट काढून काउंटरवर ठेवलं. 'साहेब, दुसरं कायबी मागायचं हुतं की वो,' एवढंच बोलला आणि बाहेर पडून पळत सुटला.

मी जरा टेकलो. गादीवर.

१० ऑक्टोबर

बाहेर पडता येत नाही. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकतो ते आतच पडतं. पुन्हा टाकतो. पुन्हा आत.

भूक नाही. तहान नाही. फोटोला ताजी फुलं आहेत. मी आणलेली नाहीत. डायरी आणि पेन तेवढं खिशात होतं, फोन वर, फ्लॅटमध्ये.

१२ ऑक्टोबर

माणसं जातात. काचेतून बघतात आणि जातात. मी ओरडतो, वाचवा. बाहेर येतं, या ना, काय दाखवू. हसूसकट. वडिलांचं हसू आहे ते, तसंच, तोंडाच्या कडा दुखेपर्यंत.

डायरीचं पान फाडून 'मला बाहेर काढा' लिहिलं, काचेला लावलं. मागून वाचलं तर तिथे— 'नवीन माल आला आहे'. डायरीत असतं तोवर माझं असतं. फाडलं की दुकानाचं.

१४ ऑक्टोबर

आबासाहेब आले होते. गाडीतूनच पाहिलं. दुकान उघडं, माणूस गादीवर. अंगठा दाखवला. गेले. गाढव. माझ्यासारखंच—

एक गिऱ्हाईक हवं. एकच. कुणीही. या शहरात लाखो माणसं आणि एकालाही आत यावंसं वाटत नाही. भरायला आलो होतो मी ही दुकानं.

१७ ऑक्टोबर

उद्या धनत्रयोदशी. ऋतुजा येणार. फोन लागत नाही म्हणून शोधत येणार. खाली हेच उघडं दुकान दिसणार.

ती आली तर तोंड दाबून धरायचं. एका हातानं तोंड, दुसऱ्यानं खूण. मागे जा. बिरदेवला जमलं. मेंढपाळाला जमलं. मला जमणार नाही?

सराव केला. दहा वेळा.

१८ ऑक्टोबर

रिक्षा थांबली. ती. हिरवी साडी. बॅग मोठी आणलीय.

दिसलो तिला. हसली. हात हलवला. येतेय—

तोंड दाबलंय. डाव्या हातानं. उजव्यानं खूण करायचीय, पण उजवा लिहितोय. पेन सुटत नाही— पेन टाक, टाक ना—

उंबऱ्यावर आली. विचारतेय, हे काय, तू दुकानात? चेष्टा करतोयस? कितीला देणार रे हे दुकान, म्हणतेय. पर्स उघडतेय. चेष्टेतच.

दहाच रुपये. ऋतू हुशार आहे, माझ्यापेक्षा हुशार. मी फक्त बाहेर जाईन आणि लगेच कुणाला तरी आत पाठवीन, लगेच, तुझी शपथ, एक तास, फार तर एक—

डावा हात खाली आलाय. मी नाही काढला. मीच काढला.

या. या ना. बसा. काय दाख