मावशीचा जोड, माझी होडी

ती. रागनहिल मावशी, भाच्याचा नमस्कार घे. गुडघा कसा आहे? दारातला बर्फ स्वतः उपसू नकोस.

वाळवलेल्या माशांच्या खोक्यात तळाशी तू जोडून पाठवलेली पोलादी पट्टी मिळाली. (मासेही उत्तम.) वेल्डिंगच्या परीक्षेत गोदीचा फोरमन हालवर स्वतःसाठी कॉफी ओतायला वळला, तेवढ्यात माझी पट्टी जेवणाच्या डब्यात गेली आणि तुझी टेबलावर आली. "एका पट्टीने कुणाचं काय बिघडतंय? आधी पास हो, हात मागाहून बसतो," असं तू म्हणाली होतीस, आणि मला ते पटलंही होतं. हालवरने पट्टी दाबयंत्रात पार वाकवली, तरी तडा नाही. त्याने जोडावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "आयविंद, असा जोड या गोदीत मी एकाच बाईच्या हातचा पाहिलाय." तिनेच शिकवलंय, असं मी कसंबसं म्हणालो, आणि त्याने मला पास केलं.

तेव्हापासून झोप उडाली आहे. गोदीचा रिवाज तुला ठाऊकच आहे. पास होणाऱ्याने नव्या जहाजाच्या जीवरक्षक होडीला दोर अडकवायची कडी जोडायची, आणि होडी पहिल्यांदा खाली सोडतात तेव्हा आत त्यानेच बसायचं. सारं गाव धक्क्यावर वॉफल खात बघणार, आणि खाली खाडीचं ते पाणी. माझे जोड तू पाहिलेच आहेस. मी दुरुस्त केलेल्या खुर्चीवर आई पाहुण्यांना बसू देत नाही. पण मावशी, मी पडलो तर नुसता भिजेन. उद्या वादळात त्याच कडीच्या भरवशावर कुणी आपली पोरं होडीत बसवली तर, या विचाराने मला खरी धडकी भरते. हालवरला सांगून टाकावं म्हणून दोनदा त्याच्या दारापर्यंत गेलो, आणि दोन्ही वेळा कॉफी शिल्लक आहे का एवढंच विचारून परतलो.

तुझा घाबरलेला,
आयविंद

ता. क. मासे संपले.

आणखी ता. क. शिकवणाऱ्यानेही होडीत शेजारी बसायचं असतं, असं हालवर म्हणतो. हा रिवाज मी कधी ऐकला नव्हता, पण सांगताना तो हसत नव्हता. तुझं नाव लिहून घेतलंय त्याने. कार्यक्रम शनिवारी आहे, तर सोमवारीच ये आणि मला खरोखर शिकव. गुडघ्याचं कारण चालणार नाही. होडीत नुसतं बसूनच राहायचं असतं.