पलीकडच्या काठापासून

प्रिय ब्रिटा,

तू हे पत्र आधी शेवटून वाचणार हे मला माहीत आहे. लहानपणी गोष्टीची पुस्तकंसुद्धा तू मागूनच उघडायचीस. या वेळी तेवढं करू नकोस. गेली तीन वर्षं तू मला वर्षातून एकदा, वाढदिवसाला, दोन मिनिटं फोन करतेस, आणि त्यात हवा आणि माझा गुडघा यापलीकडे विषय जात नाही. तक्रार नाही माझी. पण तीन वर्षांपूर्वी तू मला एक प्रश्न विचारला होतास आणि मी त्याचं उत्तर दिलं होतं. ते उत्तर ऐकूनच तू डुलुथला परत निघून गेलीस. हे पत्र त्या उत्तराबद्दल आहे.

आधी घरचं सांगतो. बेटावर सगळे जागच्या जागी आहेत. वाफेच्या सौनाचं धुराडं मी पुन्हा बांधलं, आता डोळे चुरचुरत नाहीत. टॉइवो ऐंशीचा झाला, तरी बचाव-पथकाचा म्होरक्या तोच. मेल्याशिवाय शिट्टी खाली ठेवणार नाही म्हणतो. नाताळात मी तुझ्या आईच्या वहीतून बघून वेलदोड्याचा पाव केला. टॉइवोनं एक घास चावला, बराच वेळ चावला, आणि म्हणाला, "व्हर्न, याला भोक पाडून दोरी बांध. होडीला नांगर म्हणून चालेल." आईच्या हातचा तो पाव वरून कसा तांबूस, चकचकीत व्हायचा, आठवतं ना? कोटाच्या खिशातून तिनं ते कुत्रीचं पिल्लू आणलं तेव्हा त्याचा रंग हुबेहूब तसा होता, म्हणून पावाचंच नाव ठेवलं, निसू. पुढच्या वसंतात आई गेली. शेवटचे दोन महिने निसू तिच्या पायांवर निजायची, हलायची नाही. तुला डुलुथला नोकरी लागली, पण घरमालक कुत्रं ठेवू देईना. धक्क्यावर तू तिची दोरी माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "बाबा, तुझ्यावर सोपवतेय हं." मी म्हणालो, "जा गं, मी मेलो तरी ती जगेल." माणूस काय वाटेल ते बोलून जातो.

आता झाडांची वेळ आली आहे. तुझ्या लहानपणी तूच माझ्याबरोबर यायचीस. जानेवारीत सरोवर गोठलं की नाताळची वाळकी झाडं गोळा करून दोन मैलांच्या बर्फात रोवायची, म्हणजे धुक्यातही मुख्य भूमीपर्यंतचा रस्ता चुकत नाही. मार्चअखेर बर्फ सडायला लागलं की तीच झाडं उपटून आडवी टाकायची. उभं झाड म्हणजे रस्ता चालू, आडवं झाड म्हणजे रस्ता बंद. आणि काढायची ती नेहमी पलीकडच्या काठापासून. आधी पायी मुख्य भूमीला जायचं, तिथे रस्त्यावर फळी आडवी लावायची, आणि मग एकेक झाड पाडत घराकडे यायचं. कारण आपल्याकडच्या माणसांना बर्फ वास घेऊनही कळतं. पलीकडून येणाऱ्या परक्याला झाडाशिवाय काही कळत नाही. माझ्या वडिलांनी मला हे शिकवलं, मी तुला शिकवलं.

टॉइवोचा तो प्रश्नही तुला आठवत असेल. पथकात कुणी नवा आला की पहिल्या कॉफीला तो विचारतो, "तुझं कुत्रं आणि एक अनोळखी माणूस, दोघं पाण्यात पडलेत. दोर एकच. कोण आधी?" जो फटकन "माणूस" म्हणतो त्याला टॉइवो सांगतो, "खोटं बोलतोयस. पण ये, चालेल." मी फटकन म्हणालो होतो. पुढे बावीस वर्षं नव्या पोरांना मीच ते शिकवत आलो, आणि त्या उत्तराबद्दल माझ्या मनात कधी किंतु आला नाही. आजही नाही. परका माणूस आपल्याला परका असतो, एवढंच. त्याच्या घरी कुणीतरी त्याचं ताट मांडून बसलेलं असतं. आपल्या कुत्र्यावर आपला जीव असतो हे खरं, पण तो आपला जीव असतो. त्याचं ओझं त्या माणसाच्या घरच्यांनी का वाहायचं? हे मी तुझ्या तोंडावर पुन्हा म्हणेन, आणि तू चिडलीस तरी म्हणेन.

त्या सकाळचं तुला जेवढं माहीत आहे ते असं. मी आणि निसू झाडं पाडत सरोवराच्या मधोमध आलो होतो. अकरा वाजले असतील, ऊन छान होतं. वेंडेल नावाचा आयोवाचा एक माणूस, यापूर्वी कधी न पाहिलेला, भगवी टोपी घालून बर्फावर पळणाऱ्या स्नोमोबीलवरून मुख्य भूमीकडून आला. मध्यावर त्याला पुढची झाडं दिसेनात. मी दिसलो. रस्ता विचारायला तो माझ्या रोखानं वळला, आणि वळला तो नेमका बर्फातल्या भेगेकडे. मी दोन्ही हात वर करून ओरडलो, त्याला वाटलं मी हाक मारतोय. गाडी पाण्यात गेली, तोही गेला. माझ्याआधी निसू धावली. ओळख ना पाळख, पण पाण्यात माणूस दिसला आणि ती धावली. काठ तिच्याखालीही तुटला. मी पोटावर आडवा होऊन दोर फेकला, वेंडेल बाहेर आला, निसू आली नाही.

दुसऱ्या दिवशी तू आलीस. बर्फाच्या कडेला उभी राहून तू विचारलंस, "त्याला आधी का काढलंस?" मी म्हणालो, "ती कुत्री होती, ब्रिटा. तो माणूस होता." तू निसूच्या गळ्यातला पट्टा मागितलास, तोही माझ्याकडे नव्हता. मग तू संध्याकाळची सुद्धा वाट पाहिली नाहीस. टॉइवोनं तुला बर्फ-पाणी दोन्हींवरून जाणाऱ्या आपल्या होवरक्राफ्टमधून पलीकडे सोडलं. वर्तमानपत्रानं लिहिलं, स्वतःची कुत्री डोळ्यांदेखत बुडत असताना त्यानं माणूस निवडला. ते कात्रण किराण्याच्या दुकानात अजून लावलेलं आहे. दूध आणायला गेलो की मी पाठ करून उभा राहतो.

वेंडेल दर नाताळात मक्याच्या लाह्यांचा एक मोठा डबा पाठवतो, पत्र्याचा, वर हरणाचं चित्र. सोबत बायकोच्या अक्षरात चिठ्ठी असते. यंदा तिनं लिहिलं, "आम्हाला नात झाली. तिला आजोबा आहेत ते तुमच्यामुळे." ते तीन डबे मी मांडणीवर तसेच ठेवलेत, एकही उघडला नाही. टॉइवोला वाटतं माझे दात गेले. आणि आता पथकाला नवी बचाव-होडी येतेय, तिच्यावर माझं नाव रंगवायचं ठरलंय. येत्या रविवारी समारंभ आहे, वेंडेल सहकुटुंब येतोय. रंगवणाऱ्यानं अक्षरं पेन्सिलीनं आखूनही ठेवली होती.

होती म्हणतो, कारण बुधवारी मी टॉइवोकडे जाऊन ती पुसायला सांगितली. आणि त्याला जे सांगितलं तेच तुला सांगतो. त्या सकाळी मी पलीकडच्या काठापासून सुरुवात केलीच नव्हती. निसूच्या पंजाला काच लागून जखम झाली होती, ती लंगडत होती. चार मैल तिला चालवायचं माझ्या जिवावर आलं, आणि तिला घरी ठेवलं तर ती दार ओरबाडते. म्हणून म्हटलं, आज अलीकडची अर्धी पाडू, पलीकडची उद्या. फळी लावलीच नाही. वेंडेलला मध्यापर्यंत उभी झाडं दिसली, म्हणजे रस्ता चालू. त्याची काही चूक नव्हती. चाळीस वर्षांचा नियम मी एका पंजासाठी मोडला. आणि दोर, ब्रिटा. दोर मी आधी निसूला फेकला. विचार केला असंही नाही. माणूस डावीकडे होता, त्याची टोपी मला स्पष्ट दिसत होती, आणि माझा हात उजवीकडे गेला. तिनं तो धरलासुद्धा, दातांत, तू तिच्याशी खेळायचीस तसा. मी ओढत काठापर्यंत आणली, काठ तुटला, तिचे दात सुटले आणि ती बर्फाखाली गेली. मग मी तो ओला दोर गोळा केला. पहिल्या खेपेला तो भरून ठेवलेल्या पिशवीतून सुळकन जातो, दुसऱ्या खेपेला भिजून जड होतो, हातात गुंततो. तेवढ्यात ती टोपी पाण्याखाली गेली. मी तिथे दोर फेकला, नुसत्या पाण्यावर. तो वर आला आणि त्याचा हात नेमका दोरावर पडला. त्याला यातलं काहीही आठवत नाही. तो सगळ्यांना सांगतो की दोर लगेच आला. माझं ऐकून टॉइवोनं कॉफीचा कप बाजूला ठेवला. मग म्हणाला, "मी तुला पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, खोटं बोलतोयस." आणि उठून माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पण दुसऱ्यांदा फेकलास ना? त्या दुसऱ्या फेकीवर त्या पोरीला आजोबा आहे. नाव मात्र पुसू."

तीन वर्षं मी हे तुझ्यापासून का लपवलं, तर पहिलं कारण लाज. बावीस वर्षं शिकवलेलं माझ्याच हातानं ऐकलं नाही. दुसरं कारण जास्त खरं आहे. मला भीती होती की हे ऐकून तुला बरं वाटेल, तू घरी येशील, आणि मी निसूला निवडलं म्हणून मला मिठी मारशील. ती मिठी मला फार हवी होती, म्हणूनच घ्यायची नव्हती. तुला बरं वाटलं तर थोडंसं वाटू दे, माझ्या हातानं तिला शेवटपर्यंत सोडलं नाही एवढ्यापुरतं. पण त्याच हातामुळे एक माणूस माझ्या डोळ्यांसमोर बुडाला, आणि वर आला तो माझ्या कर्तबगारीनं नाही. तुला दिलेलं उत्तर बरोबर होतं, फक्त ते देण्याचा हक्क माझा नव्हता. रविवारी मी वेंडेलला हे त्याच्या बायकोसमोर सांगणार आहे. त्यानं डबे परत मागितले तर देईन. गावभर होईल, दुकानातलं ते कात्रणही उतरेल, आणि हे तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये म्हणून आज लिहिलं. सोमवारी सकाळी झाडं काढायची आहेत. बर्फावर एकट्यानं जायचं नसतं, तोही नियम मी त्या वर्षी मोडलाच होता. तुला सुट्टी मिळाली आणि यावंसं वाटलं तर मुख्य भूमीच्या काठावर आठ वाजता ये, उंच बूट घालून, दोराचं दुसरं टोक धरायला. नाही आलीस तर टॉइवो येईल, आणि चार मैल माझ्या पावाबद्दल बोलेल. मी फळी घेऊन तिथेच असेन.

तुझाच,
बाबा