बगळीचा नखरा

प्रिय अप्पा,

तुम्ही जाऊन वर्ष होत आलं आणि मी आत्ता लिहायला बसले, ते डोळे भरून आले म्हणून नाही. काम आहे. बगळीबद्दल बोलायचंय, आणि तिच्याबद्दल तुमच्याशिवाय कुणाशी बोलणार?

महेशनं तिला गिऱ्हाईक आणलं. मानवतचा माणूस, जुन्या गाड्या फोडून सुटे भाग विकणारा. महेश पुण्याहून फोनवर म्हणाला, "अक्का, ती गाडी दारात सडायलीय. ठेवून करायचं काय? चालवणार कोन, तू?"

लायसन आहे, पण बगळीच्या स्टेअरिंगला मी तोवर कधी हात लावलेला नव्हता. तुम्हीच लावू दिला नाही!

तशी गाडीत विशेष काय होतं? पांढरी, गोल डोळ्यांची, तिच्या वयाच्या चारचौघींसारखी. डावीकडे वळलं की हॉर्न आपोआप वाजायचा, म्हणून बोरीत लोक न बघताच म्हणायचे, "अप्पा वळले." मागची काच वर राहावी म्हणून चपलेचा तुकडा खोचलेला. पाऊस आला की वायपर एकच चालायचा, तोही तुमच्या बाजूचा. आई म्हणायची, "मला काय, आंधळीलाच नेयलेत!" पण तिच्या गुडघ्यांना उंच सीट सोसते ती याच गाडीची. महेशच्या बंद काचांच्या गाडीत ती जिंतूरला पोचेपर्यंत दोनदा ओकते. म्हणजे बगळी गेली तर आईचं बाहेर पडणंच संपलं. तुम्ही गेल्यापासून ती ताडकळसला मावशीकडेसुद्धा गेलेली नव्हती.

आणि सगळ्यात मोठा नखरा किल्लीचा. अर्धी फिरवायची, मागं घ्यायची, हलवायची, "चल माय" म्हणायचं, पुन्हा फिरवायची. आई उन्हात आत बसून पदरानं वारा घेतेय, दुकानातली माणसं बाहेर येऊन बघतायत, आणि तुम्ही शांत! शेवटी ती घुरघुरली की मिशीत हसून सगळ्यांना सांगायचे, "हिला माझाच हात लागतो."

मी शिकवा म्हणून मागं लागले, तेव्हाही हेच. "पोरी, तुझ्या हातानं न्हाई चालू व्हायची ती." महेशला एकदा किल्ली दिली, त्यालाही जमलं नाही. तुम्हाला किती आनंद झाला होता! मला मात्र किल्ली लावून बघायलाही मिळाली नाही. का हो?

गिऱ्हाइकाला इंजिनाचा आवाज ऐकायचा होता. गाडी अर्थातच चालू होईना. मग स्टँडजवळच्या गॅरेजातून गफूरचाचांना बोलावलं. तुमच्या हयातीत तुम्ही त्यांना बोनेटच्या पुढं सरकू दिलं नव्हतं. त्यांनी किल्लीचं कुलूपच काढलं आणि वर्तमानपत्रावर उलटं करून आपटलं. करड्या-पांढऱ्या भुकटीचा हा एवढा ढीग! चाचांनी चिमूट घेऊन वास घेतला, आणि हसतच सुटले. "बेटी, इंजन में कुच्छ नै. अप्पा ताले कू बरसां राख खिलाए!"

विभूती होती, अप्पा! रोज लिंगपूजा आटोपली की तुम्ही तशाच हातानं बाहेर यायचे आणि जिथं किल्ली घालतात तिथंच तीन बोटं ओढायचे. माणसाला कपाळ, तसं गाडीला हे, असं तुमचं म्हणणं. भक्तीनं तुम्ही तिचा घसाच बुजवून टाकला! आणि मग तिनं आवाज द्यावा म्हणून रोज तिची मनधरणी करत बसले.

चाचांनी कुलूप धुऊन, तेल घालून बसवलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. मी फिरवली. एका झटक्यात चालू!

आई ओट्यावर आली. इंजिनाकडे कान देऊन म्हणाली, "इतक्या लवकर? मंग इतकी वर्षं मला उन्हात कामून बसवलं ह्या माणसानं?"

आम्ही सगळे हसलो. मला मात्र नंतर राग आला, खरं सांगते. तुम्ही खोटं बोलत नव्हता, तुम्हाला ते मनापासून खरं वाटत होतं, हे कळतं मला. पण तुमच्या त्या खरं वाटण्यापायी मी वर्षानुवर्षं मागच्या सीटवर बसले. माझ्या हातात काहीतरी कमी आहे, असं धरून चालले. मागं बसलेली ती पोरगी तुम्हाला कधी दिसलीच नाही का?

असो. भांडायला तुम्ही समोर नाही.

मानवतच्या माणसाला परत पाठवलं. महेशला कळवलं, मी चालवणार. तो म्हणाला, "बघ बाई." बाजार नसतो त्या दिवशी बाजाराच्या मैदानात सराव केला, दोनदा बंद पडली, एकदा शेळी मधे आली. आणि काल आईला घेऊन ताडकळसला जाऊन आले. मावशीच्या गल्लीत डावीकडे वळले, हॉर्न वाजला. मावशी पळतच दाराशी आली आणि आम्हा दोघींना बघून तिथंच उभी राहिली. तिला कोण वाटलं असेल, ते आम्ही विचारलं नाही. मलाही त्या वेळी तुमची फार आठवण आली, हेही लिहून ठेवते.

परत येताना आई बराच वेळ माझ्या पायांकडे बघत होती. कुठला पाय कधी दाबते, ते. बोरी जवळ आल्यावर हळूच म्हणाली, "मला बी शिकव की गं. ह्यांना लय सांगून बघितलं होतं मी. लगीन झाल्यावर."

मला हे माहीतच नव्हतं, अप्पा.

उद्या सकाळी मैदानात तिची पाळी. ती घाबरेल, चुकेल, गाडी बंद पाडेल. कितीही वेळा पाडली, तरी "तुझ्या हातानं न्हाई व्हायचं" हे वाक्य मी तिला ऐकू देणार नाही. एवढं वचन घ्या.

तुमची,
सुवर्णा